उसनी पत: दिवाळ्यानंतरचे कर्ज आणि जामीनदार

दिवाळे निघालेल्या माणसाला पुन्हा उभे राहायचे तर भांडवल लागते, आणि भांडवल मिळवून देणारी पत तर दिवाळ्यातच गेलेली असते. या पेचातून सुटण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे दुसऱ्याची पत उसनी घेणे. ज्याचा शब्द बाजारात अजून चालतो असा कोणी मध्ये उभा राहतो, याने दिले नाही तर मी देईन असे म्हणतो, आणि सावकार थैलीची गाठ सोडतो. अशा माणसाला धर्मशास्त्राने 'प्रतिभू' म्हटले. मराठीने अरबी-फारसीच्या वाटेने आलेला 'जामीन' हा शब्द घेतला आणि तो इतका आपलासा केला की हमी देणारा माणूस, त्याने दिलेली हमी आणि कोर्टातून होणारी सुटका या तिन्हींना तो एकच शब्द पुरतो.

'दिवाळे' हा शब्द दिव्यावरून आला असे मानतात. देणी भागेनाशी झाली की व्यापाऱ्याने बैठक गुंडाळून ठेवायची आणि दुकानात भर दिवसा दिवा लावायचा, अशी जुनी रीत सांगितली जाते. घेणेकऱ्यांना वेगळा निरोप धाडण्याची गरजच उरत नसे. पेठेतून जाणाऱ्याला उन्हात जळणारी ती ज्योत दिसली की समजे, ही पेढी बसली. दिवाळे असे चारचौघांत निघत असे, म्हणून त्यानंतर मिळणाऱ्या कर्जासाठी मध्ये उभा राहणाराही चारचौघांना ठाऊक असलेलाच लागे.

महाराष्ट्रात सर्वांच्या ओळखीचे दिवाळे देहूच्या एका वाण्याचे. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, वाणसौदा होता, पिढीजात देवघेव होती. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात हे सगळे कोसळले. पहिली पत्नी अन्नावाचून गेली आणि दुकान बुडाले. अठराव्या शतकात महीपतींनी लिहिलेल्या चरित्रात यानंतरची एक हकीकत येते. दुसऱ्या पत्नी जिजाईंनी स्वतःच्या भरवशावर दोनशे रुपये कर्ज काढून तुकोबांच्या हाती दिले. त्यांनी मीठ भरले, विकले, दोनशेचे अडीचशे केले, आणि परतताना कर्जापायी गांजलेल्या एका ब्राह्मणाची कणव येऊन ती सगळी रक्कम त्याला देऊन टाकली. महीपतींचा रोख दानाकडे आहे, आणि तो योग्यच आहे. देवघेवीचा इतिहास पाहणाऱ्याला मात्र त्याआधीची गोष्ट थांबवून धरते. सावकाराने पैसे तुकोबांकडे पाहून दिलेले नव्हते, ते जिजाईंच्या शब्दावर दिले होते. फेडीचे ओझे त्या बाईच्या डोक्यावर होते. तिच्या तोंडी घातल्या जाणाऱ्या कडवट बोलण्यामागे हे ओझे होते, ही आठवण क्वचितच कोणी ठेवतो.

धर्मशास्त्राच्या चौकटीत असे नाते जामीनकीत बसतच नव्हते. याज्ञवल्क्यस्मृतीचा नियम असा की भाऊभाऊ, नवराबायको आणि बापलेक यांची मिळकत विभागलेली नसेल तोवर त्यांच्यात आपापसांत ऋण, साक्ष आणि जामीनकी चालत नाही. कारण उघड आहे. एकाच तिजोरीतले दोघे एकमेकांना जामीन राहिले तर सावकाराच्या पदरात नवे काहीच पडत नाही. जामीन बाहेरचा हवा. पण कोणताही बाहेरचा चालत नसे. ज्याच्यावर पुढे सक्ती करता येणार नाही, असा धनी, शत्रू, कैदेत पडलेला किंवा संन्यासी जामीन घेऊ नये, असे कात्यायनाने बजावले आहे.

याज्ञवल्क्याने जामीन तीन प्रकारचे सांगितले. पहिला दर्शनाचा, म्हणजे ऋणको वेळेवर हजर होईल याचा. दुसरा प्रत्ययाचा, म्हणजे माणूस विश्वासाचा आहे याचा. तिसरा दानाचा, म्हणजे पैसे भरण्याचा. पहिल्या दोघांचा शब्द खोटा ठरला तर त्यांनी स्वतः भरायचे, पण ते ओझे त्यांच्याबरोबरच संपे. तिसऱ्याचे ओझे मुलांवरही येई. मनुस्मृतीनेही हाच फरक केला आहे. दुसऱ्याच्या कर्जाचा जामीन राहिलेल्या बापाचे देणे मुलाने फेडणे ही कल्पना पुढे हिंदू कायद्यात शतकानुशतके टिकली. २००५ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा नव्या कर्जांपुरते हे 'पुत्राचे पवित्र कर्तव्य' कोर्टांनी मानू नये असे ठरले.

स्मृतिकारांनी जामीनदाराची बाजूही सोडली नाही. चारचौघांत ज्याच्याकडून सक्तीने पैसे वसूल झाले त्या जामीनदाराला ऋणकोने दुप्पट परत करावे, असे याज्ञवल्क्य सांगतो. पैशाबरोबर त्या माणसाची अब्रूही खर्ची पडली, याची ही भरपाई. त्याच शास्त्रातून आलेला दामदुपटीचा नियम, म्हणजे एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलापेक्षा वाढता कामा नये हा, मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी कोर्टांनीही हिंदू ऋणकोंना लागू ठेवला. याज्ञवल्क्यस्मृतीवरची 'मिताक्षरा' ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, लिहिली आणि महाराष्ट्राचा व्यवहार बहुतांशी तिच्याच आधाराने चालला.

पेशवाईत जामीन हा कर्जापुरता राहिला नव्हता. माणूस हजर राहील याबद्दल हाजीर जामीन, पैशाबद्दल माल जामीन, चालचलणुकीबद्दल फैल जामीन, आणि जामीनदाराच्या पाठीशी आणखी एक आड जामीन असे. पंचायतीपुढे वाद नेणारे पक्षही निवाडा मान्य करण्याबद्दल राजीनामा लिहून देत आणि जामीन देत. दिवाळखोराला कर्जातून कायमचे मोकळे करणारा कायदा मात्र कोणताच नव्हता. कूळ बुडाले तरी कर्जाचे खत जिवंत राही.

खत जिवंत असले की तगादा आलाच. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात तगाद्याच्या पायऱ्या नोंदल्या आहेत. साध्या मागणीपासून सुरुवात होई. मग दारात पहारा बसे, जेवण अडवले जाई, आणि टोकाला गेले तर देणेकऱ्याला डोक्यावर जड दगड देऊन माथ्यावरच्या उन्हात एका पायावर उभे केले जाई. सावकार स्वतः दारात धरणे धरून बसला तर तोही उपाशी, घरातलेही उपाशी. अशा वेळी शेजारचा कोणी पुढे होऊन जामीन राहिला की पहारा उठे आणि हप्तेबंदी होई. नवे भांडवल मिळण्याच्या कितीतरी आधी, घरात चूल पेटावी म्हणून जामीनदार लागत असे.

गुजरातेत जामीनकीला आणखी भीषण धार होती. तिथे भाट आणि चारण जामीन राहत. त्यांच्याजवळ पैसा असेच असे नाही. त्यांची ऐपत होती ती त्राग्यात. शब्द मोडला गेला तर भाट स्वतःला किंवा घरातल्या एखाद्याला इजा करून घेई, प्रसंगी जीव देई, आणि त्याच्या रक्ताचे पाप शब्द मोडणाऱ्याच्या माथी बसे. या भीतीवर मोठमोठे करार उभे होते. ईस्ट इंडिया कंपनीचा बडोद्याचा रेसिडेंट अलेक्झांडर वॉकर याने १८०७ मध्ये काठेवाडच्या तालुकदारांशी खंडणीचे करार ठरवले, तेव्हा त्यांच्याकडून फैल जामीन घेतले गेले.

दिवाळ्यानंतर जामीनदार घेऊन काढलेल्या कर्जाचे मराठी इतिहासातले सर्वांत मोठे उदाहरण याच बडोद्याचे आहे. तिथे बुडाले होते ते एक संस्थान. गोविंदराव गायकवाड १८०० मध्ये वारले तेव्हा खजिन्यात काही उरले नव्हते. सेनाखासखेल पदासाठी पेशव्यांना कबूल केलेले नजराणे, भाऊबंदकीच्या लढाया आणि पगारी अरब फौज यांनी दौलत पोखरली होती. गादीवर आलेले आनंदराव मनाने दुबळे होते. सावत्र भाऊ कान्होजी सत्ता बळकावू पाहत होता आणि कडीचे मल्हारराव उठले होते. दिवाण रावजी आपाजी यांनी मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली. १८०२ मध्ये वॉकर फौज घेऊन आला, मल्हाररावांचा पाडाव झाला, आणि मग खरी अडचण समोर आली. ती अरबांच्या थकलेल्या पगाराची होती.

हे अरब निव्वळ शिपाई नव्हते. बडोद्यात कोणाला अभय द्यायचे असो, कोणाच्या कर्जाची हमी घ्यायची असो, अरब जमादार मध्ये पडत. गायकवाडांच्या दरबारी व्यवहारात या हमीला 'बहांदरी' म्हणत. सावकाराला दरबारच्या शब्दाचा भरवसा नसला तरी अरबांच्या बहांदरीचा असे, कारण शहराच्या वेशी त्यांच्या ताब्यात होत्या. बाकी चुकती झाल्याखेरीज ते हलायला तयार नव्हते, आणि खुद्द आनंदरावही त्यांच्या कबजात होते. डिसेंबर १८०२ मध्ये कंपनीच्या फौजेने बडोद्याला वेढा दिला आणि अरब शरण आले. ठरले ते असे की त्यांची बाकी द्यायची आणि त्यांनी ज्यांना बहांदरी दिली होती ती यापुढे कंपनीने पाळायची.

बाकी द्यायला पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न उरला. बडोद्याचे सावकार हरिभक्ती, मैराळ नारायण, सामळ पारेख हे दरबारचे जुने घेणेकरी. त्यांचा पैसा आधीच अडकलेला होता, आणि परगण्यांचा वसूल आधीच गहाण पडला होता. अशा दौलतीला कोण नवे कर्ज देणार? त्यांनी दिले, कारण कागदावर कंपनीची बहांदरी होती. काही रक्कम कंपनीने स्वतः दिली. तारणाला परगण्यांचा वसूल लावून दिला. गावोगावच्या वसुलीतही हाच प्रकार चाले. सावकार मनोतीदार म्हणून गावाच्या हप्त्याची हमी घेई आणि त्या हमीबद्दल मनोती आकारी. वरपासून खालपर्यंत राज्य उसन्या शब्दावर चालले होते.

इंग्रजांची बहांदरी पैशापुरतीही राहिली नाही. माणसांच्या वतनांना, पगारांना, जिवाला ती दिली जाऊ लागली. पेशवे आणि गायकवाड यांच्यातला जुना हिशेब मिटवण्यासाठी गायकवाडांच्या वतीने गंगाधरशास्त्री पटवर्धन पुण्याला गेले ते कंपनीच्या हमीवर. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. हमी देणाऱ्याने हमीचा भंग झाला म्हणून पेशव्याच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांना मागून घेतले आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवले. तिथून ते निसटले, आणि १८१७ च्या जूनमध्ये पेशव्याला पुण्याचा मानहानीचा तह करावा लागला. एका थकलेल्या पगाराची हमी पेशवाईच्या शेवटापर्यंत अशी जाऊन पोहोचली.

बडोद्याचे कर्ज मात्र फिटले नाही. आनंदराव १८१९ मध्ये वारले आणि दुसरे सयाजीराव गादीवर आले. १८२० मध्ये एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर म्हणून बडोद्याला आला तेव्हा देणे एक कोटीच्या वर गेलेले आढळले. त्याने ठरवले की अंतर्गत कारभार महाराजांनी पाहावा, पण कंपनीने ज्यांना हमी दिली आहे त्या सावकारांचे करार पाळलेच पाहिजेत. सयाजीराव मानी आणि पैशाला घट्ट होते. स्वतःच्या दौलतीत सावकारांनी रेसिडेंटाच्या बळावर बोलावे, हे त्यांना सहन होणारे नव्हते. हप्ते रेंगाळले, तेव्हा १८२८ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत कंपनीने काही परगणे जप्त करून त्यांच्या वसुलातून सावकारांची फेड सुरू केली. १८३२ मध्ये मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड क्लेअर बडोद्याला आला, महाराजांनी सावकारांशी परभारे तडजोड केली, आणि जप्त परगणे परत मिळाले.

जामीनदार कर्जदारापेक्षा बलवान असला की काय घडते, ते या तीस वर्षांत दिसते. स्मृतींनी जामीनदाराला जपायचा विचार केला होता. इथे कर्जदारालाच जामीनदारापासून जपण्याची पाळी आली. कंपनीने भरलेल्या पैशापेक्षा तिने दिलेल्या शब्दाची किंमत बडोद्याला जास्त पडली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा सारा व्यवहार लेखी कायद्यात आला. १ सप्टेंबर १८७२ पासून अमलात आलेल्या करार कायद्याने सावकार, मूळ ऋणको आणि जामीनदार असे तीन पक्ष ठरवून दिले. वेगळे काही ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच. जामीनदाराला न विचारता सावकाराने कराराच्या अटी बदलल्या, तर त्यानंतरच्या व्यवहारातून तो सुटतो. त्याने पैसे भरले की सावकाराचे सगळे हक्क त्याच्याकडे येतात, आणि त्याने जे रीतसर भरले तेवढे ऋणकोकडून त्याला मागता येते. याज्ञवल्क्याची दुप्पट रक्कम इथे नाही. अब्रूची भरपाई कायद्यातून गेली.

ऋणकोची मालमत्ता संपेपर्यंत सावकाराने थांबावे, आधी त्याच्याकडे जावे, मगच जामीनदाराकडे यावे, अशी लोकांची समजूत आजही असते. ती चूक आहे. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहारच्या खटल्यात हे स्पष्ट केले. घेणेकऱ्याला थेट जामीनदाराकडे जाता येते. जामीनदाराला थांबायला सांगून आधी ऋणकोच्या मागे लागण्याचे बंधन त्याच्यावर नाही.

दिवाळखोराला मोकळे करणारे कायदेही एकोणिसाव्या शतकात आले, आधी मुंबईसारख्या इलाखा-शहरांपुरते. शेतकऱ्यांकडे लक्ष गेले ते १२ मे १८७५ ला सुपे गावात सावकारांची खते जळली त्यानंतर. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला अटक करणे बंद केले, कोर्टाला खतामागचा खरा हिशेब तपासू दिला, आणि शेतकऱ्यालाही नादार, म्हणजे दिवाळखोर, ठरवून घेण्याची वाट दिली. पुढे मुंबई शहरासाठी १९०९ चा आणि इतरत्र १९२० चा नादारी कायदा झाला. या दोन्ही कायद्यांत एक कलम आहे. कोर्टाने अजून मुक्त न केलेल्या नादाराने, आपण नादार आहोत हे न सांगता, पन्नास रुपये किंवा त्याहून जास्त उधारी घेतली तर तो गुन्हा, आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. भर दिवसा लावायच्या दिव्याचे काम आता कायद्याचे कलम करू लागले. नादाराला कर्ज घ्यायला बंदी नव्हती. सांगून घ्यावे लागे, आणि सांगितले की सावकाराचा पुढचा प्रश्न ठरलेला असे: जामीन कोण?

या कायद्यांतली जामीनदाराला सर्वांत जाचक गोष्ट वेगळी आहे. कोर्टाने नादाराला मुक्त केले तरी त्याचा जामीनदार मुक्त होत नाही. ज्याने कर्ज घेतले तो सुटतो, आणि ज्याने केवळ सही केली त्याच्याकडे बाकी चालत राहते. कायद्याच्या हिशेबात हे बरोबर बसते, कारण ऋणको बुडाला तर उपयोगी पडावे म्हणूनच जामीन घेतलेला असतो. सही करणाऱ्याच्या घरात मात्र हे पहिल्यांदा कळते ते नोटीस आल्यावर.

सहकारी पतपेढ्यांनी या जुन्या नात्याला नवे वळण दिले, आणि त्याची एक सुरुवात पुन्हा बडोद्यातच झाली. विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी १८८९ मध्ये तिथे 'अन्योन्य सहकारी मंडळी' स्थापन केली. नावातच तिचे तत्त्व होते. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने खेड्यांतल्या संस्थांसाठी अमर्याद जबाबदारीचा नियम ठेवला. एका सभासदाने बुडवले तर ते बाकीच्या सर्वांच्या मिळकतीवर येणार. मुंबई इलाख्यातली पहिली संस्था १९०५ मध्ये गदगजवळच्या कणगिनहाळ गावात निघाली. अशा गावात सगळे सगळ्यांना जामीन होते, म्हणून कोणाचे पीक कसे आहे, कोणाचा बैल आजारी आहे, कोण लग्नात हात सैल सोडतो आहे, यावर सर्वांची नजर असे. बुडालेल्या सभासदाला पुन्हा कर्ज द्यायचे की नाही, हे आता शेजारी ठरवणार होते. बडोद्याचे रेसिडेंट आणि गावचे शेजारी यांत फरक एवढाच की शेजाऱ्याला तुमचे परगणे नको होते. त्याला त्याची स्वतःची जमीन वाचवायची होती. असा जामीनदार जाच करू शकतो, पण त्याचे आणि कर्जदाराचे हित एका बाजूला असते, आणि म्हणून हा प्रकार आधीच्या सर्वांपेक्षा न्यायाचा वाटतो.

शहरांत आणि कारखान्यांत याचे रूप म्हणजे नोकरदारांची पतसंस्था. कर्जाच्या अर्जाच्या मागच्या बाजूला दोन रकाने असतात: जामीनदार क्रमांक एक, जामीनदार क्रमांक दोन. सभासद क्रमांक, खाते, मूळ पगार, सही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ मुळे सभासदाने लिहून दिले की हप्ता पगारातून परस्पर कापता येतो, आणि थकबाकीसाठी कलम १०१ खाली वसुली दाखला मिळतो. एका टेबलावरचा दुसऱ्या टेबलावरच्याला जामीन राहतो, आणि तो याला. कर्जदार नोकरी सोडून गेला की महिनाअखेरीस पगारपत्रकावर एक अनोळखी कपात दिसते. पिढ्यान्पिढ्यांच्या मैत्र्या त्या एका ओळीवर तुटल्या आहेत. पण मुलीचे लग्न, आईचे ऑपरेशन, बुडालेल्या जोडधंद्यानंतरची दुसरी सुरुवात हेही याच दोन रकान्यांतून झाले आहे. ज्यांना बँकेने दारातून परत पाठवले, त्यांच्यासाठी शेजारच्या टेबलावरची सही हीच बँक होती.

बँकांनी शेजाऱ्याची नजर यंत्राकडे सोपवली. २००० साली स्थापन झालेल्या सिबिल या पतनोंद संस्थेच्या अहवालात माणसाने स्वतः घेतलेल्या कर्जाबरोबर त्याने जामीन राहिलेले कर्जही दिसते. दुसऱ्याने थकवले तर जामीनदाराची पत घसरते. ऐपत असून पैसे न भरणाऱ्या जामीनदाराला हेतुपुरस्सर थकबाकीदार ठरवता येईल, हे रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये स्पष्ट केले. बडोद्याच्या बहांदरीचे आजचे नातेवाईक म्हणजे सरकारची थकहमी. तोट्यात गेलेल्या सहकारी साखर कारखान्याला स्वतःच्या ताळेबंदावर कर्ज मिळत नाही, तेव्हा राज्य सरकार थकहमी देते आणि बँक पैसे सोडते. कारखान्याने थकवले तर बोजा तिजोरीवर, म्हणजे ज्यांनी कधी सही केली नाही अशा करदात्यांवर येतो.

कंपन्यांच्या कर्जांना मालक वैयक्तिक हमी देतात. २०१६ ची दिवाळखोरी संहिता अशा हमीदारांना डिसेंबर २०१९ पासून लागू झाली, आणि ललितकुमार जैन प्रकरणात २१ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. कंपनीची परतफेडीची योजना मंजूर झाली तरी हमी देणारा आपोआप सुटत नाही, हे तत्त्व तिथेही तसेच राहिले. साध्या व्यक्तींसाठी मात्र त्या संहितेचा भाग अजून सर्वस्वी अमलात आलेला नाही. मुंबईत १९०९ चा आणि इतरत्र १९२० चा कायदाच चालतो, आणि नादाराने न सांगता घेतलेल्या उधारीची मर्यादा दोन्हींत पन्नास रुपयेच लिहिलेली आहे.